टोपलीशिवाय लावलेलं पाणकणीस

आत्याच्या मागच्या अंगणात पाहुण्याला बसायला जागा नव्हती, कारण जिथे तिथे टब होते. लोकांनी घर नवं करताना फेकून दिलेले आंघोळीचे टब, तडा गेलेली बेसिनं, मधोमध कापलेले ड्रम, आणि एक तर चक्क बाळाला न्हाऊ घालायचं गुलाबी घमेलं. सगळ्यांत पाणी, पाण्यात चिखल आणि चिखलात हिरवं काहीतरी. नवखा माणूस विचारायचा, "हे काय, शेती का?" आत्या म्हणायची, "छे, डासांचं वसतिगृह." आणि मग आपल्याच विनोदावर चिडून समजवायला लागायची, की डास होतात मेलेल्या पाण्यात, माझं पाणी जिवंत आहे, वाका जरा, बघा, चतुराची पिल्लं आहेत आत, ती डासांच्या अळ्या खाऊनच मोठी होतात. तोवर नवखा दोन पावलं मागे सरकलेला असायचा.

धंदा काय, तर बागेतल्या तळ्यांचे काठ लावून देणं. तळं खणणारे वेगळे, कमळं विकणारे वेगळे. ही मधल्या जागेतली बाई. पाणी संपतं आणि जमीन सुरू होते त्या वीतभर पट्ट्यात काय लावायचं, एवढंच तिचं राज्य. "काठ उघडा ठेवलात तर त्याला तळं म्हणत नाहीत, बादली म्हणतात," हे ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. आणि लावायची ती फक्त इथली झाडं, ओढ्याच्या कडेला आपली आपण येणारी: वेखंड, लव्हाळा, ब्राह्मी, पाणपुदिना. कोणी हौशी माणूस परदेशी फुलांचं चित्र दाखवून म्हणाला, "मला हे हवंय," की ती चित्र नीट न्याहाळायची आणि परत द्यायची. "सुंदर आहे. भिंतीवर लावा."

काम मात्र बघत राहावं असं. तळ्याच्या आत, काठालगत एक पायरी ठेवलेली असते. त्या पायरीवर तिच्या जाळीच्या टोपल्या बसायच्या. टोपलीत गोणपाट, गोणपाटात निकस माती. कोणी प्रेमानं खत घातलेली काळीभोर माती पुढे केली तर अंगावर जायची: "मेजवानी कोणाला घालताय? झाडाच्या आधी शेवाळं जेवायला बसेल!" मातीवर खडे पसरायचे, म्हणजे मासे उकरत नाहीत. शेवटी रोपाच्या बुंध्यावर दोन बोटं पाणी. "माझी दोन बोटं," ती बजावायची, "तुमची नव्हेत."

निघताना तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आता यात हात घालू नका आणि मलाही बोलावू नका. वर्षाच्या आत बोलावणं आलं तर समजा माझं काम कच्चं." ही तिची ऐट होती. आणि लोक खरंच बोलवायचे नाहीत. ती रस्त्यानं जाताना कुंपणाआडून हात करायचे, "झकास आहे हो तळं!" म्हणायचे आणि आत जायचे. काम फक्कड झालं की करणाऱ्याला कोण विचारतंय! ते आत्याला चालत होतं. निदान गिऱ्हाइकांच्या बाबतीत तरी चालत होतं.

आता, सगळी आळी तिला आत्या म्हणायची, पण खरी आत्या ती एकाच पोरीची. धाकट्या भावाची मुलगी. पोर चार वर्षांची असताना तिची आई गेली. भावाची नोकरी फिरतीची. तो पोरीला आणि एका पिशवीला घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, थोडे दिवस." ते थोडे दिवस सात वर्षं चालले. आत्यानं लग्न केलं नव्हतं (का नाही, ते विचारायची कोणाची छाती नव्हती) आणि लहान मुलाशी काय बोलतात याचा तिला पत्ता नव्हता. पहिल्याच दिवशी पोर रडायची थांबेना, तेव्हा काही सुचेना म्हणून तिनं तिला उचललं आणि टबाच्या कडेवर पाण्यात पाय सोडून बसवलं. पोर गप्प झाली. दुपार टळली तरी उठेना. त्या दिवशी तिचं नाव बेडकी पडलं ते पडलंच.

बेडकी टबांतच वाढली म्हणा ना. दोन बोटं पाणी मोजायला आधी शिकली, पाढे मागून. पाणकणसाच्या दांड्यांच्या तलवारी करून एकटीच लढाया करायची आणि दोन्ही बाजूंनी तीच मरायची. थंडीत आत्याच्या पाठीला पाठ लावून झोपायची आणि आपले गार तळपाय तिच्या पोटऱ्यांना चिकटवायची. आत्या ओरडायची, "अगं ए, बर्फाची लादी आहेस का!" ओरडायची, पण पाय काही बाजूला घ्यायची नाही.

मग भावानं दुसरं लग्न केलं आणि पोरीला न्यायला आला. म्हणाला, "ताई, तुला तरी किती दिवस त्रास द्यायचा!" आत्या म्हणाली, "ने बाबा. मलाही आता कामं खूप झालीत." बेडकी पिशवी घेऊन तिथेच उभी होती. हे वाक्य आत्या का बोलली, देव जाणे. रडू फुटू नये म्हणून माणूस तोंडाला येईल ते बोलतो, तसं झालं असेल. पण बोलली खरी.

नवी भावजय वाईट निघाली असती तर बरं झालं असतं. आत्याला भांडता आलं असतं, पोरीला परत आणता आलं असतं. पण कसलं नशीब, बाई चांगली निघाली! पोरीच्या वेण्या घालायची, तिचा अभ्यास घ्यायची, फोनवर म्हणायची, "वन्सं, कधीतरी या ना." आत्यानं त्याचा अर्थ लावला, की कधीतरी म्हणजे इतक्यात नको. शिवाय तिच्या डोक्यात तिच्या धंद्यातलं एक शहाणपण पक्कं बसलेलं होतं: नुकतं लावलेलं रोप हलवू नये. जुना हात लागला की मूळ धरत नाही. पोर तिकडे रुजतेय, तर आपण मध्ये जाऊन कशाला हलवायचं? म्हणून पहिल्या वर्षी गेली नाही. मग दुसऱ्या वर्षी कुठल्या तोंडानं जायचं, म्हणून गेली नाही. पुढे न जाण्याचीच सवय झाली.

फोन करायची, नाही असं नाही. पण निमित्त सापडल्याशिवाय कधीच नाही. तुझा स्वेटर इथेच राहिलाय. सर्दीला वेखंड पाठवू का? शाळेचा जुना दाखला लागेल का? निमित्त संपलं की फोन संपला. शेजारची शिंपीण सगळं ऐकायची आणि शिलाईयंत्र न थांबवता म्हणायची, "तुझा फोन म्हणजे तार गं. मजकूर संपला की खलास." आत्या म्हणायची, "उगीच काय बोलायचं?"

आठवण मात्र यायची. फार यायची. टबात हात घातला की यायची, दोन बोटं पाणी मोजताना यायची. थंडीच्या दिवसांत तर तिच्या पोटऱ्या मजेत उबदार असायच्या आणि त्याचंच तिला रडू यायचं.

वर्षं गेली. बेडकी मोठी झाली, एक्स-रे काढायला शिकली आणि नोकरीला लागली ती नेमकी आत्याच्याच शहरात. दुसऱ्या टोकाला, पण शहर तेच. एका एकमजली घराचा मागचा भाग तिनं भाड्यानं घेतला आणि एक दिवस तिचा फोन आला. "आत्या, इथे अंगणात एक तळं आहे. म्हणजे नुसता खड्डा, आत काळं रबरी अस्तर. आधीच्या भाडेकरूनं अर्धवट सोडलेलं. लावून देशील?"

"बघते," आत्या म्हणाली. "कामं बरीच आहेत." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी कामं सोडून, दोन्ही हातांत टोपल्या घेऊन बसमध्ये चढली. कंडक्टर म्हणाला, "आजी, जंगल घेऊन कुठे?" तिनं त्याला उत्तरही दिलं नाही, इतकी ती खुशीत होती.

दिवसभर दोघी तळ्याकाठी उकिडव्या बसून होत्या. बोलणं सगळं झाडांचं. वेखंड इकडे, लव्हाळा त्याच्या मागे, ब्राह्मी काठावरून खाली सोडू, म्हणजे अस्तराची कड झाकली जाईल. भाची टोपली बसवायची आणि विचारायची, "दोन बोटं झाली?" आत्या म्हणायची, "कोणाची?" "तुझी गं बाई, तुझी!" दोघी हसायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. आत्या चोरून बघत होती. पोरीच्या कानामागे एक पांढरा केस होता. तो कधी आला असेल, ही तेव्हा काय करत होती, कोणाशी बोलत होती, यातलं आत्याला काही माहीत नव्हतं. विचारायचं तिच्या अगदी जिभेवर आलं. पण हा काही टोपल्यांचा विषय नव्हता, म्हणून तिनं पुढची टोपली उचलली.

दुपार कलताना तळं लावून झालं. फार सुरेख लागलं. इतकं चांगलं काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. या तळ्याला आता कितीतरी वर्षं काही लागणार नव्हतं. म्हणजे फोनही येणार नव्हता.

एक जुडी शिल्लक होती, पाणकणसाची. मागच्या कोपऱ्यात लावायला आणलेली. आता पाणकणसाविषयी सांगायला हवं. उंच पात्यांचं, तपकिरी कणसांचं हे झाड दिसतं राजबिंडं, पण दिली ओसरी की हातपाय पसरी, अशी त्याची जात. त्याला जाळीची टोपलीसुद्धा चालत नाही, जाळीतून बाहेर पडतं. त्याला तळ असलेली जाड बादलीच लागते. मोकळं सोडलं तर दोन उन्हाळ्यांत तळं गिळतं. हे आत्याच्या आळीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. त्यासाठी तिनं बादली आणलेलीही होती.

"चहा टाकते," म्हणत भाची आत गेली.

आत्यानं बादली बाजूला ठेवली. बाही वर केली आणि पाणकणसाची मुळं तळ्याच्या तळच्या गाळात नुसती दाबून दिली. दाबताना उगाच खोकली. मनात तिनं सगळं बघून घेतलं: पुढच्या वर्षी हे अर्धं तळं खाईल, पोर घाबरून फोन करेल, आत्या, हे काय झालं गं? मग मी येईन. काढून देईन, सगळं नाही, थोडं ठेवूनच. मग परत येईन. त्या मुळांची टोकं दाभणासारखी असतात आणि अस्तरातून आरपार जातात, हेही तिला माहीत होतं. तो विचार तिनं मनात येऊच दिला नाही.

भाची कप घेऊन बाहेर आली. तळ्याकडे बघितलं. मग रिकाम्या बादलीकडे बघितलं. "ही राहिली का गं?"

"ती ना... जास्तीची आणली होती."

"बरं," भाची म्हणाली आणि तिनं चहा पुढे केला.

त्या दिवशी निघताना आत्यानं आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं नाही. फाटकाशी थोडी घुटमळली. भाचीही घुटमळली. मग बसची वेळ झाली.

नंतर सुरू झालं ते वाट बघणं. आत्या फोन पहिल्या घंटीला उचलायला लागली. गिऱ्हाइकं दचकायची, कारण पूर्वी ही बाई फोनवर सापडत नसे. पाऊस गेला, थंडी आली. आत्या हिशेब मांडायची: आता पातं वर आलं असेल, आता कणीस धरलं असेल. शिंपिणीला तिनं काय केलंय ते सांगितलं नव्हतं, पण शिंपीण काही दूधखुळी नव्हती. "जाऊन ये की. बस बंद पडली का?" म्हणायची.

"बोलावल्याशिवाय कसं जायचं? तिचं घर आहे, तिच्या ड्युट्या असतात."

"तिला लहानपणी शी-शू करवलंस ते काय आमंत्रण घेऊन?"

"तू तुझी काजं-बटणं कर," आत्या म्हणायची.

उन्हाळ्यात एकदा न राहवून ती गेलीसुद्धा. बसमधून उतरली, गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आली. अंगणाच्या भिंतीवरून पाणकणसाची टोकं डोकावत होती, चांगली दाट. आत्याला इतका आनंद झाला की तिथेच टाळ्या पिटाव्यात. झालं! आता फोन येणारच! मग मुद्दाम घंटी कशाला वाजवायची? आपण होऊन दारात उभं राहणं बरं नाही दिसत. ती तशीच मागे वळली, परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसली आणि घरी येईपर्यंत स्वतःशीच हसत होती. हसू घरी आल्यावर मावळलं. फोन त्या महिन्यात आला नाही. त्या वर्षातच आला नाही. निमित्त काढून हिनं केला, तर पोर म्हणाली, "बाकी ठीक." तळ्याचं नाव नाही. आणि हिनं विचारावं तर कसं?

दुसरा उन्हाळाही असाच सरला. आत्याला वाटायला लागलं, की पोरीनं माळी बोलावून सगळं उपटून टाकलं असणार. आपली एवढी एक युक्ती, तीही फुकट गेली.

आणि मग फोन आला. "आत्या, जरा तळ्याचं बघायला हवं."

आत्या ताडकन उठली. "का गं? काय झालं? येते मी, आत्ता येते!"

"घर सोडतेय. दुसऱ्या शहरात मोठ्या दवाखान्यात नोकरी मिळालीय. घरमालक म्हणाले, अंगण साफ करून द्या."

ते शहर म्हणजे अख्ख्या दिवसाचा प्रवास. आत्या म्हणाली, "हो का? छान झालं." दुसरं काय म्हणणार?

दार उघडंच होतं. खोल्यांत खोकी रचलेली, भिंतींवर खिळे तेवढे उरलेले. आत्या थेट मागे गेली आणि जागेवरच थांबली. तळं नव्हतंच. पाणकणसाचं रान होतं. वेखंड, लव्हाळा, ब्राह्मी, कुठे काही नाही, सगळं गिळलेलं. आणि रान कसं, तर हिरवंगार, डोक्याच्या वर गेलेलं, एक पातं पिवळं नाही. भाची फावडं घेऊन उभी होती. "ये," म्हणाली. "मी तिकडून सुरू करते."

दोघींनी उपटायला घेतलं. मुळं वेणीसारखी एकमेकांत गुंतलेली. ओढता ओढता एक गठ्ठा सुटून वर आला, त्यासोबत अस्तर वर आलं, आणि अस्तराला ही भोकं. एक नाही, ठिकठिकाणी. आत्यानं गाळात हात घातला. खाली पाणी ठरायची सोयच उरली नव्हती. अशा फुटक्या खड्ड्यात झाडं कधीच वाळून जायला हवी होती.

"मग हे हिरवं कसं राहिलं?" ती म्हणाली.

"रोज सकाळी नळी लावते. ड्युटीला जायच्या आधी."

"रोज? अगं, तळ फुटलाय याचा! सगळं पाणी खाली जातं!"

"माहितीये की."

"मग वेडाबाई, मला फोन नाही करायचा?"

भाचीनं फावडं ठेवलं. "तू टोपलीत लावलं नाहीस ते मला त्याच दिवशी कळलं होतं, आत्या. बादली रिकामी होती. सात वर्षं तुझ्या अंगणात वाढलेय मी. पाणकणीस मोकळं लावत नाहीत हे मला कळणार नाही?"

आत्याच्या हातातली मुळं तशीच राहिली.

"चहा घेऊन आले आणि बघितलं. इतकं बरं वाटलं मला! म्हटलं, चला, आत्यानं हे मुद्दाम केलंय, म्हणजे आत्या येणार. पावसात येईल, थंडीत येईल. मग तळ फुटला. म्हटलं, आता हे वाळलं तर तिचं निमित्त जाईल. म्हणून पाणी घालत बसले."

"मी तुझ्या फोनची वाट बघत होते गं."

"मी का करू फोन?" भाचीचा आवाज चढला. "लावलंस तू, यायचं तू! मला बघायचं होतं, न बोलावता येतेस का. एकदा तरी. बाबा मला घेऊन गेले तेव्हा मी काय केलं माहितीये? शाळेतून आले की खिडकीत. नवी आई म्हणायची, चल, जेवून घे, आणि मी म्हणायचे, थांब, आत्या येईल. कितीतरी दिवस. मग वाटलं, तूच म्हणाली होतीस ना, कामं खूप झालीत. खरंच असतील."

"ते मी... तू रुजावंस म्हणून... मला कोणी बोलावलं नव्हतं, बेडके."

"बोलावणं पाहुण्याला पाठवतात, आत्या."

आत्या काठावर बसली. चिखलाचे हात मांडीवर तसेच. तिला सगळं एकदम दिसलं: खिडकीतली पोर, गल्लीच्या तोंडाशी उभी आपण, भिंतीपलीकडे नळी धरून उभी पोर. दोन वर्षं एकाच शहरात, एका बसच्या अंतरावर. ती रडली, मोठ्यानं रडली, आणि चिखलाच्या हातांनी डोळे पुसायला गेली, तेव्हा भाचीनं तिचे हात धरले. "थांब, डोळ्यांत जाईल." तिनं आपल्या ओढणीनं आत्याचं तोंड पुसलं. पण ती काही विरघळली नव्हती. राग तिच्या हातात होता, पुसताना खरखरीत लागत होता, आणि आत्याला तो बरोबरच वाटला.

संध्याकाळपर्यंत खड्डा रिकामा झाला. दोन दिवस आत्या तिथेच राहिली, सामान बांधायला. खोक्यांवर नवा पत्ता लिहायचं काम तिच्याकडे होतं. प्रत्येक खोक्यावर तोच पत्ता, लिहून लिहून तिला पाठ झाला. सामानाची गाडी भरली. भाची ड्रायव्हरच्या शेजारी चढली. आत्या खाली उभी होती, दाराला हात लावून, आणि आयुष्यात कशाची वाट बघितली नसेल तशी एका शब्दाची वाट बघत होती. ये. एवढाच शब्द. भाचीला ते दिसत होतं. तिचे ओठ एकदा हललेही. मग तिनं ते मिटून घेतले.

"जपून राहा," ती म्हणाली, आणि गाडी गेली.

पुढचे काही दिवस आत्या टबांमधून नुसती फिरत होती. शिंपीण म्हणाली, "बोलावलं का तिनं?"

"नाही," आत्या म्हणाली. आणि थोड्या वेळानं म्हणाली, "माझ्या टबांत पाणी कमी झालं तर घालशील?"

शिंपिणीनं पहिल्यांदाच यंत्र थांबवलं. "किती घालायचं?"

"घाल तुला वाटेल तेवढं," आत्या म्हणाली. ही बाई असं म्हणाली, यावर आळीत कोणाचा विश्वास बसला नसता.

या वेळी टोपली घेतली नाही, रोप घेतलं नाही, एक कपड्यांची पिशवी तेवढी घेतली. दिवसभराच्या प्रवासात मात्र तिचं मन जुन्या सवयीनं निमित्तं जुळवत होतं. सांगू, इकडे एका गिऱ्हाइकाचं तळं बघायला आले. सांगू, डोळे दाखवायचे होते, तुझ्या दवाखान्यात ओळख आहे म्हणून. सांगू, एक खोकं बदललं वाटतं. उतरेपर्यंत चांगली पाच-सहा तयार झाली होती, एकापेक्षा एक पटण्यासारखी. जिने चढताना ती एकेक करून घोकत होती.

दार भाचीनंच उघडलं. हातात कंगवा, केस ओले. आत्याला बघून ती घाबरली. "काय झालं? बाबांना काही झालं का?"

"कोणाला काही झालेलं नाही."

"मग? काम निघालं का इकडे?"

निमित्तं जिभेवर रांगेत उभी होती. आत्यानं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"काही काम नाही," ती म्हणाली. "तू बोलावलंही नाहीस. आठवण आली, म्हणून आले."

भाचीनं पुढे होऊन पिशवी घेतली आणि पिशवीची दोरी घट्ट धरून तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "एवढा उशीर का केलास गं?"

आजच्या गाडीचं ती विचारत नव्हती, हे आत्याला कळलं. तिनं या वेळी निमित्त शोधलं नाही. ती आत आली आणि दार तिनं स्वतःच लावून घेतलं.